दादाच्या यकृतातली चरबी

३ जानेवारी

चि. बारकीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या डॉक्टरांनी मला परत पाठवलं. रक्तगट जुळतोय, पण माझ्या यकृतात सोळा टक्के चरबी निघाली. असल्या यकृताचा तुकडा तुला बसवता येणार नाही, दहाच्या खाली आणा म्हणाले. दिवसभर लोकांचे वजनकाटे दुरुस्त करणारा मी, एकशे बारा किलोचा. हसू नकोस. तेलकट बंद केलंय. रोज पाऊण तास भरभर चालायला सांगितलंय, पण मी पळणार आहे. तुझ्याकडे वेळ कुठे आहे?

औषधं चुकवू नकोस.
तुझा दादा

९ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हसलेच. पोटात पाणी साठल्यामुळे मीही सध्या तुझ्याइतकीच गरगरीत दिसते. हे म्हणतात, आता कुठे बहीणभाऊ शोभता. दादा, पळू नकोस रे. इथल्या व्यायामाच्या बाई म्हणाल्या, बोलता येईल इतपत धाप लागली तरी पुरे, पण रोज हवं. वजन हललं नाही तरी आतली चरबी उतरते म्हणे. तोवर मी थांबते.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
बारकी

३० जानेवारी

चि. बारकीस,
अ. उ. आ.

तुझं ऐकलं नाही. पळताना गुडघा गेला. पंधरा दिवस अंथरुणात होतो. तुझी वहिनी पाणी आणून ठेवते, बोलत नाही. डॉक्टर म्हणाले, जोरात केल्याने वेळ वाचतो हे खरं, पण अंगाला झेपलं तर. रोज नुसतं चालला असतात तरी बरंच काम झालं असतं. तुझे पंधरा दिवस मी वाया घालवले, बारके. परवापासून काठी घेऊन चालतोय.

वाट पाहा.
दादा

१८ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न.

अक्षर ह्यांचं, मजकूर माझा. मला बसून लिहवत नाही. त्या पंधरा दिवसांवरून स्वतःला बोल लावू नकोस. लहानपणी मला शाळेत सोडायलाही तू कंटाळायचास, आणि आता माझ्यासाठी धावलास. हे मी इथे सगळ्यांना सांगते, नर्सबाईंना तर दोनदा सांगितलं. वहिनीला म्हणावं, अबोला पुरे.

आठवण ठेव.
बारकी

२ एप्रिल

भावोजींस,
स. न. वि. वि.

बारकी जायच्या आदल्या दिवशी माझी तपासणी झाली होती. त्याचा कागद काल आला. वजन जेमतेम तीन किलो उतरलंय, यकृतातली चरबी आठ टक्क्यांवर आलीय. खाली लिहिलंय, देता येईल. हिने तो वाचला आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

आज सकाळी पायांच्या सवयीने मैदानावर गेलो. दुसऱ्या फेरीला मनात आलं, आता कशासाठी? तिथेच कठड्यावर बसलो. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी थांबून विचारलं, दमलात का. मी हो म्हणालो.

बारकीच्या लेकीला जपा. आमच्याकडे येणंजाणं तोडू नका.
आपला,
दादा