रोटाव्हेटरखालचा गाडा

प्रिय खेम भिया,

पत्र लिहायचं मी टाळलं, हे आधीच कबूल करतो. एक-दोन दिवस नाही, दोन वर्षं. फोन तीनदा लावला होता. तू "कोन बोलते?" म्हणालास की माझं बोट आपोआप लाल बटणावर जायचं. म्हणून कागद घेतला, तर चार दिवस झाले, अजून याच पानावर आहे.

मी नेरला आहे. बसस्टँडच्या मागे विठ्ठलरावांचं वेल्डिंगचं दुकान आहे, तिथे आठ महिने टिकलो. माझ्यासाठी हे फारच. त्याआधी वीटभट्टी, मग वणीकडचा ढाबा, मग केळापूरच्या यात्रेत आकाशपाळणा फिरवणाऱ्यांबरोबर. मालक म्हणायचा, वरून अर्धा जिल्हा दिसते. मी दर फेरीला वर जाऊन पाहायचो. आपला तांडा काही दिसला नाही.

तर सांगायचं होतं ते हे की मागच्या महिन्यात फुलसावंगीचा गोविंदा नेरला बहिणीकडे आला होता. मोटरसायकलचं स्टँड सांधायला दुकानात आला आणि मला ओळखून बोलतच सुटला. "तुहा भाऊ अजून एकटाच ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर सरकवते बाप्पा. कोनाले हाक मारत नाही. बायकोले बी गुराच्या कोठ्यात येऊ देत नाही." मग तू पाय कसा टाकतोस ते त्यानं चालून दाखवलं, हसत हसत. मी त्याचं स्टँड वाकडं सांधलं. मुद्दाम नाही, पण वाकडंच झालं.

भिया, त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललोच नाही. बापूची शिकवण होती, रोटाव्हेटर उचलला की खाली हात घालायचा नाही, टेकूची वीट पायानं सरकवायची. तू वीट पायानं सरकवत होतास आणि रोटाव्हेटर उचलून धरलेली लोखंडी सब्बल माझ्या हातात होती. तेवढ्यात रस्त्यानं काठेवाडी लोकांचे उंट चालले होते. सात-आठ उंट, एकाच्या पाठीवर खाट उलटी बांधलेली आणि खाटेत मेंढीची पिल्लं. मी मान वळवली. एवढंच केलं. सब्बल निसटली आणि रोटाव्हेटर तुझ्या पायावर बसला. तुला वाटलं असेल, माझा हात थकला. बापूलाही तेच सांगितलं तू. पण मी उंट पाहत होतो.

यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तुझ्या पायाची तीन बोटं काढली त्या दिवशी लाली भाबी व्हरांड्यात मला म्हणाली, "तू जाय. मले दिसू नको." मला जायला तेवढं पुरलं. खरं सांगू, ती बोलली नसती तरी गेलोच असतो. तुझ्यासमोर बसायची हिंमत नव्हती.

गोविंदा गेला त्याच दिवशी मी गाडा करायला घेतला. रोटाव्हेटर कायम त्याच्यावरच ठेवायचा, लागेल तेव्हा ढकलत ट्रॅक्टरच्या मागे आणायचा. ना सब्बल, ना वीट. भंगारातून लोखंडी चॅनेल आणलं, अंदाजानं चौकट सांधली, मध्ये दोन आडव्या पट्ट्या. मागची दोन चाकं सरळ, पुढची दोन फिरणारी. दुकानातला जुना नांगर त्यावर ठेवला आणि एका हातानं ढकलला, तर थेट चहावाल्यापर्यंत गेला. विठ्ठलराव म्हणाले, "चाल्ला बुवा चंद्रावर." मीही खूश. जेवायला बसलो तेव्हा आठवलं, आपल्या कोठ्यात सिमेंट कुठे आहे? मुरूम आहे. ही एवढीशी चाकं एका दिवसात रुतून बसतील. दोन वर्षांत मी घरची जमीनसुद्धा विसरलो.

मग बंद पडलेल्या जिनिंग कारखान्यातल्या कापसाच्या हातगाडीची चाकं आणली. रुंद आहेत, भरीव रबराची. दुकानामागे ओल्या मुरमावर चालवून पाहिली, नाही रुतली.

आता चौकटीच्या रुंदीचं माप राहिलं. तू रोटाव्हेटरला पाठ टेकून, मांडी घालून जेवायचास तेव्हा तुझे दोन्ही गुडघे बरोबर त्याच्या ट्रॅक्टरला जोडायच्या दोन पिनांखाली यायचे, आठवते? मी दुकानात तशीच मांडी घातली आणि विठ्ठलरावांना गुडघ्यांपाशी खडूनं रेघा मारायला लावल्या. तू माझ्याहून आडवा, म्हणून दोन्हीकडे दोन-दोन बोटं वाढवली. बरोबर आहे का, कळव.

नाही भिया, माप विचारायला पत्र लिहीत नाही. माप चुकलं तर पुन्हा सांधता येते. गाडा टेम्पोत टाकून पाठवताही आला असता. मला त्याच्यासोबत यायचं आहे. उंटांचं तुला सांगितल्याशिवाय येता येत नव्हतं, म्हणून सांगितलं. आता तू ये म्हण किंवा नको म्हण.

इथवर लिहिलं आणि विठ्ठलरावांनी हाक मारली. बाहेर गेलो तर लाली भाबी उभी. एकटी, हातात पिशवी, महागावहून बस बदलत आलेली. चार दिवस मी हाच कागद घेऊन बसलो म्हणून विठ्ठलरावांनी माझ्या मोबाइलवरून तुमच्याकडे फोन केला आणि भाबीला गाड्याचं सांगितलं, हे मला आत्ता कळलं. तुला सांगून आली का, विचारलं, तर ती थेट गाड्याकडे गेली. गाड्याभोवती एक चक्कर मारली, पायानं चाक हलवून पाहिलं आणि म्हणाली, "एवढंसं बनवाले दोन वर्सं लागली का तुले? टेम्पो सांग."

तुझाच,
शाम