डाव्या गुडघ्याची चिखली-खामगाव फेरी

उंद्री, मंगळवार

तीर्थरूप आक्काच्या चरणी,

धाकट्या भावाचा, कडूबाचा नमस्कार. (साष्टांग लिहिणार होतो, पण खाली बसायला डॉक्टरांची मनाई आहे, तेव्हा खुर्चीवरूनच मानून घे.) तुझी शुगर आटोक्यात असेल, तुझ्या रवीच्या बोअरला पाणी लागलं असेल आणि डोणगावात सगळे खुशाल असतील असं धरून चालतो. इकडची खुशाली जरा लांबलचक आहे. चहा घेऊनच वाचायला बस.

डावा गुडघा बदलून आज नऊ आठवडे झाले. ऑपरेशनबद्दल काही सांगत नाही, कारण त्यात माझं कर्तृत्व शून्य. खरी भानगड घरी आल्यावर सुरू झाली. अर्धा गाव गुडघा बघायला आला. शेजारच्या चंद्रशेखरने तर जुन्या रेडिओतलं लोहचुंबक काढून आणलं आणि माझ्या गुडघ्याला लावून बघितलं. ते काही चिकटलं नाही, तेव्हा मला डॉक्टरांनी फसवलं असं त्याचं ठाम मत झालं, आणि ते त्याने पारावर जाऊन सांगितलं. (दोन दिवस लोक तुझ्या भावजयीला, रुखमाला धीर द्यायला येत होते.)

व्यायाम शिकवायला चिखलीहून योगिनी नावाची पोरगी स्कूटीवर येते. दिसायला आपल्या घरातल्या लेकीसारखी, पण गुडघा वाकवायला लागली की दयामाया नाही. तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, गुडघ्याखाली उशी ठेवायची नाही, पाय तसाच आखडतो. आता आक्का, तुला म्हणून सांगतो, त्या उशीएवढं सुख मला जन्मात कशात मिळालं नव्हतं. योगिनीची स्कूटी वळणावर दिसेनाशी झाली की उशी खाली, आणि आवाज आला की उशी पलंगामागे. व्यायाम किती वेळा करता, असं तिने विचारलं की मी बिनदिक्कत सांगायचो, तीन वेळा. खरं तर एकदाही नाही. दुखायचं ना! तीस वर्षं एसटी चालवली, घाटात ब्रेक फेल झाला तेव्हा घाबरलो नाही, पण टाच मागे ओढायची म्हटलं की डोळ्यात पाणी यायचं.

सहाव्या आठवड्यात योगिनीने कंपासपेटीतल्यासारखं एक यंत्र लावून कोन मोजला. साठ अंश. या वेळेला नव्वद पाहिजे होता. तिने यंत्र बाजूला ठेवलं आणि विचारलं, "काका, खरं सांगा." माझी नजर पलंगामागच्या उशीकडे गेली. मग तिने डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, आणखी तीन आठवड्यांत वाकला नाही तर परत भूल देऊन जोर लावून वाकवावा लागेल.

त्या दिवशी मी रुखमावर विनाकारण ओरडलो. ताटात मीठ कमी होतं एवढंच निमित्त. तिने ताट उचललं आणि म्हणाली, "गुडघा नवा बसवला, पण अक्कल जुनीच राह्यली." आणि आत निघून गेली. आक्का, ती रागावली याचं मला वाईट वाटलं नाही. ती खरं बोलली याचं वाटलं.

दुपारी ती भांडी आवरून बाहेर आली आणि विचारलं, "तीस वर्षं रोज हजार वेळा क्लच दाबला याच पायानं. तवा नाही दुखला?"

मी म्हटलं, "दुखायचा. पण तवा मागं पन्नास माणसं बसलेली असायची."

तिने स्टूल ओढलं, माझ्या खुर्चीमागे ठेवलं, त्यावर बसली आणि म्हणाली, "आता एक हाये. चला."

मग काय करतो! टाच मागे ओढली, पाय पुढे केला. क्लच सोड, क्लच दाब. ती देवघरातली घंटी घेऊन आली. दोनदा वाजली की गाडी सुटायची, एकदा वाजली की स्टॉप. चिखलीहून निघालो, अमडापूरपर्यंत मला रडू आवरलं नाही. ती मागून नुसती घंटी वाजवत होती. उंद्री आली तेव्हा म्हणाली, आज इथंच उतरू. दुसऱ्या दिवशी मात्र खामगावपर्यंत नेलं. तेव्हापासून रोज तीन फेऱ्या. एकदा चंद्रशेखर साखर मागायला आला, तर रुखमाने त्याला दारातच सांगितलं, "गाडी फुल्ल हाये, मागची पाहा." तो बिचारा खरंच रस्त्याकडे बघायला लागला.

काल योगिनी न सांगता आली. तिने दारात उभं राहून आख्खी फेरी बघितली, मग कोन मोजला. पंच्याण्णव! ती हसली, मीही हसलो, आणि रुखमा पदर तोंडाला लावून आत गेली. आता भूल नाही, काही नाही. सगळं ठीक आहे. काळजी करू नको.

तुझा भाऊ,
कडूबा

ता. क. सगळं ठीक नाही. मागच्या तपासणीला आम्ही दोघं दवाखान्यात शिरलो, तर नव्या डॉक्टरने रुखमालाच टेबलावर झोपायला सांगितलं. तिची चाल बघून त्याला तीच पेशंट वाटली. तिचे दोन्ही गुडघे माझ्यापेक्षा वाईट आहेत, आणि त्याच गुडघ्यांवर ती नऊ आठवडे माझी उठबस करत होती. मला दिसलंच नाही गं. ऑपरेशनचं काढलं की म्हणते, "मले काय झालं?" तू दोन महिने येऊन राहा. तुझं ती ऐकेल. खिचडी मला जमायला लागली आहे. फोनवर सांगितलं असतं, पण फोन तिच्याजवळच असतो.

दुसरा ता. क. पाकिटाला डिंक तिच्याकडेच मागावा लागणार. पेन्शनच्या कामाचं पत्र आहे म्हणून सांगेन.

तिसरा ता. क. (अक्षर माझं हाये, रुखमाचं) आक्का, नमस्कार. पेन्शनवाल्यायले कोणी 'चरणी' लिहीत नाही, म्हणून वाचलं. मी डॉक्टरले मागच्याच आठवड्यात हो म्हणून आले. तारीख भेटली की कळवते, तुमी याच. पण ह्यायले एवढ्यात सांगू नका. मले ऑपरेशनले राजी कराले म्हणून ते रोज एक फेरी जास्त मारून राह्यले. कोन एकशेदहा होऊ द्या, मंग मीच सांगते.