अकरावा प्रश्न

साफी,
रविवार, १२ एप्रिल २०१५, दुपारचे चार वाजून वीस मिनिटे.

आदरणीय बत्तूल बाईंना मिलूदचा सलाम.

आत्तापर्यंत मी शिक्षकांच्या खोलीतल्या भिंतीवरची आपल्या जाळ्याची लोकर सोडवत होतो. मुख्याध्यापकांनी उद्यापर्यंत भिंत मोकळी करायला सांगितली आहे. लोकरीचे रंगवार गुंडे केले : बंदरावरच्या कामांची निळी, रोपवाटिकेची हिरवी, शिंपी आणि बेकरीची पिवळी, कुंभारांची तांबडी. टाचण्या दोनदा मोजल्या. बत्तीस आहेत, कामाच्या जागेमागे एक. सगळे एका खोक्यात भरून वर तुमचे नाव घातले आहे. मधला शाळेचा फोटो मात्र फाटला, त्याबद्दल माफी असावी. डिंक फार लावला होता.

तुमच्या डोळ्याची पट्टी सुटली असे सुआदताईंनी रबातहून फोनवर सांगितले. फार बरे वाटले. अजून वाचता येत नसेल तर हे पत्र त्याच तुम्हाला वाचून दाखवतील. त्यांनी वाचू नये असे मला वाटत होते, पण आता वाचोत.

इकडे सार्डिन भरपूर आले आहेत, भाव पडला आहे. बेकरीवाले चाचा रोज विचारतात, ‘‘काय रे, आमची बुधवारची पलटण कुठे गेली? पिठाला हात लावायला कुणी नाही.’’ जाळे सध्या बंद आहे हे त्यांना ठाऊक आहे, तरी विचारतात. शिंपीणबाईंनी मुलींचे अर्धे शिवलेले झगे घडी करून ठेवले आहेत. बंदरावरच्या सुतारांनी सांगून पाठवले की शाळेने नाही म्हटले तरी आम्ही मुले घेऊ. अकरा वर्षे तुम्ही या लोकांच्या दारांत जाऊन बसलात. ‘‘अख्खे गाव शिकवेल तेव्हा कुठे शाळा पुरी होईल,’’ असे म्हणत राहिलात. ते वाया गेले नाही, एवढे मला आधी लिहायचे होते.

फोनवर मला बोलता येत नाही. तुम्ही प्रत्येक वेळी म्हणता, ‘‘मिलूद, देवाची कृपा की तुझे कागद चोख आहेत,’’ आणि माझी जीभ उचलत नाही. हे पत्र रबातला पोहोचेपर्यंत उद्याची सुनावणी होऊन गेलेली असेल. मुद्दामच तसे केले आहे. तुम्ही नको म्हणाला असता तर मी ऐकले असते.

बूश्ता उस्ताद अजून कोठडीत आहेत. परवा टेकडीवरच्या त्यांच्या कुंभारकामाच्या कारखान्यावरून गेलो. अंगणात कच्च्या सुरया तशाच मांडलेल्या आहेत. उलटवायला कुणी नाही म्हणून एका बाजूने वाळून तडकल्या आहेत. त्यांच्या दोन्ही हातांना पट्ट्या आहेत म्हणतात. मातीच्या खाणीचे छत मुलांवर बसले तेव्हा त्यांनी फावड्याची वाट पाहिली नाही, बोटांनी माती उकरली. दुसरा मुलगा त्यामुळे निघाला. अन्वर निघाला तेव्हा उशीर झाला होता.

अन्वरबद्दल तुम्हाला एक गोष्ट कळवायची राहिली. तिसऱ्या बुधवारी तो माझ्या टेबलाशी आला. हाताला माती तशीच.

‘‘मिलूदभाई, झिलईत तीन भाग वाळू आणि एक भाग शिसं. म्हणजे पाऊण आणि पावच ना?’’

‘‘हो.’’

‘‘मग गणिताचे सर हे असं का नाही सांगत? दोन वर्षं उगाच मार खाल्ला मी.’’

मी हसलो. तोही हसला. मलाही अपूर्णांकांतच आठवी सोडावी लागली होती, ते तुम्हाला माहीत आहे. तेव्हा तुमचे जाळे असते तर, असे त्या दिवशी मनात आले.

आता बाई, तो चौदा प्रश्नांचा कागद. तुम्ही आणि मी मिळून केलेला. तुम्ही म्हणाला होता, कुठल्याही दारावर टाचणी लावण्याआधी तू स्वतः तिथे जायचे, मागचे अंगण, माळा, तळघर, सगळे पाहायचे. नववा प्रश्न : कामाची जागा पूर्ण पाहिली का? अकरावा : मुलांना आवाराबाहेर नेणार नाही, असे उस्तादांना बजावले का? बूश्ता उस्तादांच्या कागदावर दोन्हीपुढे माझ्या अक्षरात ‘होय’ आहे. तारीख ६ फेब्रुवारी.

मी टेकडीवर गेलो नव्हतो.

पायथ्याच्या चहाच्या दुकानात उस्ताद भेटले. शुक्रवारची नमाज नुकतीच झाली होती, पाऊस पडत होता. मी कागद काढला तशी त्यांनी दुकानभर ऐकू जाईल असे विचारले, ‘‘हे काय, कागदवाल्या? मुलगी पाहायला आलायस का, पुढून-मागून बघायला?’’ सगळे हसले. मी म्हणालो, ‘‘उस्ताद, नियम आहे, जागा पाहावी लागते.’’ ते म्हणाले, ‘‘माझ्या आजोबांनी भट्टी लावली तेव्हा तुझ्या नियमाचा बाप जन्मला नव्हता. बस. चहा घे. मुलं माझी, जबाबदारी माझी. चल, फातिहा वाचू.’’

त्यांनी तळवे वर केले. मीही केले. शेजारच्या टेबलावरच्यांनीही केले. आपल्याकडे फातिहा वाचून झाल्यावर कोण म्हणणार की आता मागचे अंगण दाखवा? लग्ने ठरतात तेवढ्यावर. आणि कुंभार आपली मातीची खाण परक्याला दाखवत नाही हे सगळ्या साफीला ठाऊक आहे. विचारणे म्हणजे अपमान. मला वाटले, शब्द मिळाला. कोणत्या गोष्टीचा मिळाला हे मी विचारलेच नाही. मुलांनी माती कुठून येते हे पाहिले पाहिजे, असे उस्तादांना वाटले. त्यांच्या बापाने त्यांनाही तसेच नेले होते. नेऊ नका असे त्यांना कुणीच सांगितले नव्हते. सांगायचे मी होतो.

घरी येऊन मी चौदाच्या चौदा रकाने भरले. स्वच्छ अक्षरात, एकही खाडाखोड न करता.

२६ मार्चला पोलिसांनी कागद समोर धरून विचारले, ‘‘अक्षर तुझं?’’ मी म्हणालो, ‘‘हो.’’ ‘‘बजावलं होतंस?’’ मी म्हणालो, ‘‘कागदावर आहे.’’ एवढेच. खोटे बोललो नाही असे रस्ताभर स्वतःला सांगत आलो. उस्ताद त्यांना सांगत आहेत की पाहायला कुणी आलेच नव्हते, आणि माझा कागद त्यांना खोटे पाडतो आहे. त्यांचा वकील म्हणतो, बजावूनही नेले असे ठरले तर पाच वर्षे. उस्ताद एकसष्ट वर्षांचे आहेत.

अन्वरच्या आईला तुम्ही ओळखता. शाळेच्या फाटकाशी भाकरी विकणाऱ्या फातनामावशी. मुलाला पाठवण्याआधी त्यांनी माझा हात धरला होता. ‘‘जागा बघितलीस ना रे तू? एवढा एकच आहे मला.’’ मी म्हणालो, ‘‘बघितली, मावशी.’’ मागच्या गुरुवारी भेटायला गेलो तर त्यांनी माझ्यापुढे लोणी-मध ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘खा बाळा. किती वाळलास. तू तर बघून आला होतास, तुझा काय दोष? दोष त्या बूश्ताचा. त्याचे हात झडोत.’’ मी खाल्ले, बाई. भाकरी संपवली. नको म्हणायचे तर कारण सांगावे लागले असते.

उद्या सकाळी साडेनऊला न्यायाधीशांपुढे मी हे सगळे सांगणार आहे. त्याआधी सात वाजता मावशींकडे जाणार आहे. कोर्टात इतर लोकांमध्ये त्यांना ते ऐकावे लागू नये.

याचा अर्थ काय तो मला कळतो. उस्तादांनी नियम मोडला असे ठरले असते तर शिक्षण कचेरीने एक टाचणी काढून बाकीचे चालू दिले असते. मुख्याध्यापकही म्हणाले, ‘‘तोंड मिटून ठेव, एकतीस जागा वाचतील.’’ आता ते बाकीचे एकतीस कागदही तपासतील. ते खरे आहेत. एकूण एक जागा मी पाहिली आहे, माळ्यावरसुद्धा चढलो आहे. पण माझ्या अक्षरावर आता कुणी का विश्वास ठेवावा? तुमची अकरा वर्षे मी बुडवली.

वर मी उस्तादांच्या मानाचे आणि फातिहाचे लिहिले. ते खरे आहे, पण पुरते खरे नाही. दुकानातून निघताना उस्ताद स्वतः म्हणाले होते, ‘‘बरं बाबा, एवढंच असेल तर चल वर, बघून घे तुझं अंगण.’’ मी म्हणालो, ‘‘राहू दे, उस्ताद. तुमचा शब्द पुरे.’’ मंगळवारी शिक्षण कचेरीचे साहेब जाळ्याच्या उद्घाटनाला यायचे होते, त्यासाठी मी नवे बूट घेतले होते आणि त्या दिवशी पहिल्यांदाच घातले होते. टेकडीची वाट तांबड्या चिखलाने भरली होती. मी बुटांकडे पाहिले.

हे उद्या विचारले नाही तरी सांगणार आहे.

खोका आणि वह्या मुख्याध्यापकांकडे ठेवत आहे. डोळ्यात औषध वेळेवर घाला. मला उत्तर लिहिले नाहीत तरी चालेल, पण फातनामावशींना लिहा. त्यांना वाचता येत नाही, बेकरीवाले चाचा वाचून दाखवतील.

तुम्ही ज्याचे अक्षर वर्गाला दाखवत होता तो,
मिलूद

सोबत जाळ्याचा हिशेब, आजपर्यंतचा.
पालकांच्या मंडळाकडून जमा : ३००० दिरहम.
लोकर, टाचण्या, डिंक : ९६. मुलांचे बसभाडे, २५ मार्चपर्यंत : १४२०. प्रथमोपचाराच्या पेट्या, सहा : ५४०. कागद आणि छपाई : २१२. जागा पाहण्यासाठी माझे जाणे-येणे : २२८. एकूण खर्च २४९६. शिल्लक ५०४.
माझ्याकडून येणे : ६ फेब्रुवारी, कुंभारांच्या टेकडीपर्यंत टॅक्सी, जाऊन-येऊन, १८ दिरहम. खर्च दाखवला नाही तर भेट खरी वाटणार नाही म्हणून लावले होते. आज परत केले.
पाकिटात ५२२ आहेत. मोजून घ्यावेत.