पाटी नसलेला बडग्या

बाबा, तुम्ही स्टोव्हवर आईच्या पातेल्यात मैद्याची खळ शिजवता आहात आणि मी लाकडी उलथन्यानं ती घोटते आहे. पोळा जवळ आला की आपल्या स्वयंपाकघरात दर वर्षी हेच चालायचं. ऑफिसातून आल्या आल्या तुम्ही शर्ट खुंटीला अडकवून बनियनवरच बसायचात. आई दारात उभी राहून म्हणायची, “माझा चांगला गंज खराब करून राहिले तुम्ही.” तुम्ही म्हणायचात, “महागाई जाळायची तर एक गंज तर जाईनच ना.” मग मला, “घोटत राह वं, गाठी नको पडू देऊ.” पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत म्हणतात त्या राक्षसिणींच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघायची आणि त्यांच्या मागून गल्लीगल्लीतले बडगे. बांबूच्या कमच्या, रद्दी, चिंध्या यांचे पुतळे, गळ्यात पाटी आणि पाटीवर त्या वर्षीचं संकट. लोक त्यांना काठ्यांनी झोडायचे, मग जाळायचे. आपल्या गल्लीचा बडग्या तुमच्या हातचा असायचा आणि पाटीवरचं अक्षरही तुमचंच.

हे आज आठवायला कारण आहे. मी शाळकरी मुलांसाठी एक कादंबरी लिहिली आहे. एका मुलीला शाळेत छळतात, ती सूड घेते, एवढीच गोष्ट. पुस्तक छापायला जाण्याआधी उद्या शेवटचं प्रकरण द्यायचं आहे आणि माझ्या टेबलावर त्याचे दोन शेवट पडले आहेत. एकात बडग्या पूर्ण जळतो. दुसऱ्यात तुम्ही आहात.

मला छळणारी मुलगी कॉन्व्हेंटात माझ्याहून एक वर्ष पुढे होती. सिस्टरांची लाडकी, प्रार्थनेला सर्वांत पुढे. माझ्या मांडीत कंपासचं टोक खुपसायची आणि मला ‘थँक यू’ म्हणायला लावायची. म्हटलं नाही तर आणखी खोल. मी म्हणत असे, बाबा, अगदी स्वच्छ उच्चारात. ट्यूनिकला लागलेले रक्ताचे ठिपके मी शाईचे म्हणून आईला दाखवत असे. मग एके दिवशी मधल्या सुट्टीत तिच्या दोन मैत्रिणींनी बाथरूममध्ये माझे हात मागे धरले आणि तिनं माझं तोंड नळावर आपटलं. ओठ फाटला. दाताचा तुकडा जिभेवर आला, तो मी गिळला. क्राफ्टच्या तासाची कात्री बोथट होती, त्यामुळे माझी डावी वेणी कापायला तिला वेळ लागला. केस तुटत कमी होते, उपटले जास्त जात होते. “हिच्या केसांना खळीचा वास मारतो,” ती मैत्रिणींना सांगत होती, “आपण तर हिला स्वच्छ करून राहिलो.” त्या दोघी हसल्या. मला अजून आठवतं ते तिचं तोंड, शिवणाच्या तासाला टीप घालताना मुलींचं असतं तसं, लक्ष देऊन काम करणारं.

घरी आल्यावर तुम्ही माझी हनुवटी वर केलीत. “कोणं केलं वं हे?” मी नाव सांगितलं. “दिसते कशी?” आणि मला सांगता येईना. निळा ट्यूनिक, पांढरा ब्लाऊज, लाल रिबिनी. आम्ही सगळ्याच तशा दिसत होतो. त्या वर्षीची महागाई अर्धी बांधून झाली होती, तिची साडी तुम्ही फाडून काढलीत आणि कमच्या आखूड केल्यात. आईला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “दुसऱ्याच्या लेकीचं नाव नका लिहू पाटीवर. पाप लागते.” तुम्ही तिचं ऐकलंत. पाटी लावलीच नाही. कापड हवं होतं म्हणून ट्रंकेतून माझा आखूड झालेला ट्यूनिक काढलात. “देऊ ना?” तुम्ही विचारलंत. मी आनंदानं मान हलवली. सुतळीच्या दोन वेण्या मीच वळल्या.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी चौकात बडग्या उभा राहतो. पहिली काठी तुम्ही माझ्या हातात देता. मी डोक्यावर मारते. मडक्याचं डोकं खचकन फुटतं आणि मला इतकं बरं वाटतं की मी थांबत नाही. पोटात, मांड्यांवर, तोंडाच्या जागी उरलेल्या खापरीवर मारत राहते. मनातल्या मनात तिला ‘थँक यू’ म्हणायला लावते. मग पोरं पुढे सरसावतात, काठ्यांचा पाऊस पडतो, ट्यूनिक फाटतो आणि आतली रद्दी आतड्यांसारखी बाहेर येते. कुणीतरी रॉकेल ओततं. आणि तेव्हा मागून एक जण विचारतो, “अबे, पाटी कुठी आहे? कोण आहे हे?” दुसरा हसत म्हणतो, “कोण म्हणजे? कॉन्व्हेंटवाली. बघ ना झगा.”

आपल्या गल्लीत तो ट्यूनिक घालणारी मी एकटीच होते, बाबा. हे तुम्हाला सुचलं नाही, मला नाही, आईलाही नाही. पाटी नसली की बडग्याचं नाव गर्दी ठेवते, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक होतं? “जाळा कॉन्व्हेंटवालीले,” सगळे ओरडू लागले आणि कुणीतरी काडी लावली. एकानं काठीचं टोक माझ्या पाठीत खुपसलं. “तुले बी गरम होऊन राहिलं का वं?” माझी काठी गळून पडली. आगीत माझा ट्यूनिक जळत होता, वेण्यांना जाळ लागला होता आणि ज्यांच्याबरोबर मी लहानपणापासून खेळले ती पोरं त्यावर थुंकत होती.

तुम्ही आगीत दोन्ही हात घातलेत. “माझ्या पोरीचा झगा आहे तो, सरका.” जळता पुतळा छातीशी धरून बाहेर ओढलात आणि मातीत लोळवलात. खळ गरम झाली की चिकटते. ती तुमच्या तळव्यांना चिकटली आणि कागद सोडवताना कातडी बरोबर आली. पुष्कळ दिवस आई तुम्हाला घास भरवत होती आणि ऑफिसात तुमच्या सह्या अडल्या होत्या. त्याच बँडेज बांधलेल्या हातांनी तुम्ही मला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला यायचात. ती मुलगी मात्र छळायची थांबली नाही. ती दहावी होऊन शाळेतून गेली तेव्हाच माझी सुटका झाली. तुम्ही पुन्हा कधी बडग्या केला नाहीत आणि लोकांनी विचारलं तर “हात चालत नाही आता” म्हणायचात.

मागच्या महिन्यात तिचा फोन आला. शाळेच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर कुणीतरी पुस्तकाचं सांगितलं होतं. “ए, मी आहे का गं त्यात?” तोच आवाज, फक्त थोडा बसलेला. “काय मस्ती करायचो ना आपण. तू तर किती रडूबाई होतीस.” मी हसले. खरंच हसले, बाबा, आणि फोन ठेवल्यावर सरळ टेबलाशी जाऊन तुम्हाला शेवटातून काढून टाकलं. बडग्याच्या हनुवटीवर तिचा तीळ काढला, गळ्यात तिच्या नावाची पाटी घातली आणि तिला राख होईपर्यंत जाळलं. प्रकाशकाकडची संपादक मुलगी खूश झाली. “मॅडम, पोरांना हेच हवंय. बाप मध्ये आला की सूड पातळ होतो.” ती चुकीचं सांगत नाही. तो शेवट वाचताना माझ्याही अंगात तेव्हासारखंच बरं वाटतं.

पण आज दुपारी तो पुन्हा वाचला आणि पुस्तकातल्या माझ्या मुलीकडे पाहिलं. जाळाकडे बघताना ती अगदी लक्ष देऊन काम करणारी दिसत होती. ते तोंड मी ओळखते. म्हणून पाटी काढली, तीळ पुसला. उद्या तुमचा शेवट जाईल. संपादक मुलीला पटलं नाही तर पुस्तक छापायचं राहील.

छापून आलं तर कुणाला काय द्यायचं ते सूनबाईंना सांगून ठेवलं आहे. पहिली प्रत नातीला, पण आधी तिच्या आईनं वाचावी. एक शाळेच्या लायब्ररीला, माझं नाव न सांगता. तुमची बांबू सोलायची सुरी, जिची मूठ आईनं सुतळीनं आवळली होती, ती आपल्या जुन्या गल्लीत अजून बडगे करणाऱ्या मंडळाला. तुमचा एकमेव फोटो माझ्या थोरल्या मुलाकडे. आणि एक प्रत तिला. ती कुरिअरनं पाठवा म्हटलं आहे. “काहून? इथं तर राहतात त्या, धरमपेठेत. तुम्हीच नेऊन द्या ना,” सूनबाई म्हणाल्या. मी गुडघ्यांचं कारण सांगितलं. गुडघे बरे आहेत, बाबा. मला तिची भीती वाटते.