धाकटीचं सोमवारचं इंजेक्शन

प्रिय ढमे,

मागच्या खेपेला इथे छत्री विसरलीस, त्याआधी चष्म्याची डबी. या वेळी फोनवर अर्धा तास बोललीस आणि मलाच विसरलीस. धाकटीची साखर किती, धाकटीचं वजन किती उतरलं, धाकटीला मळमळतं का, सगळं विचारून झालं. औषधांच्या दुकानात उभी राहतेस, गावभराच्या गोळ्या तुला तोंडपाठ, त्यात एक सख्खी आजी मावू नये?

हे पत्र धाकटीच लिहून देतेय. माझी जाऊ झाली तरी या घरात अक्षर येणारी तीच. तिला बजावलंय, बोलेन तसं उतरव, माझी बोलणी मऊ करू नकोस. आत्ता हसली. हसू दे.

तर तिचं ते आठवड्याचं इंजेक्शन. दर सोमवारी चहाआधी फ्रिजमधून एक पेन काढायचं, खिडकीशी बसायचं, पोटाला चिमटा घेऊन टोचायचं आणि रिकामं पेन टाकून द्यायचं. तोंड असं करते, जणू कुणी सत्कार करतंय. चार महिन्यांत तिचे सगळे कपडे ढगळ झाले. आतून शिवण मारून कुणी दिली? मी. दातओठ खात. येणारे-जाणारे म्हणतात, किती तरुण दिसता! मग माझ्याकडे वळून विचारतात, तुमची तब्येत कशी आहे? अगं, साखर आधी मला झाली. या घरातही ती माझ्या मागून सहा वर्षांनी आली आणि नवं औषध मात्र तिला.

डॉक्टरीणबाईंना मी सरळ विचारलं, मला का नाही? त्या म्हणाल्या, आजी, तुमचं स्वादुपिंड एकदा सुजलं होतं, अकरा दिवस दवाखान्यात पडून होतात. शिवाय उतरवायला तुमच्या अंगावर मांस आहे कुठे? तुमची जुनी गोळी तुम्हाला छान मानवलीय. हे औषध त्यांच्यासाठी चांगलं, तुमच्यासाठी नाही. एवढं सगळं समजावलं त्यांनी, मी ऐकलं एवढंच की चांगलं ते तिला.

त्यानंतर मला तीन दिवस उलट्या झाल्या. पाण्याचा घोट टिकेना. धाकटी पातेलं धरून बसली, पाठ चोळली, आणि आपल्याच हातची भाजी बाधली म्हणून रडली. तेव्हापासून मला नुसतं उकडलेलं वाढते, स्वतःही तेच खाते. डॉक्टरीणबाईंनी दोष माझ्या गोळीवर ठेवला. बुधवारी ती बंद करून दोन वेळचं इन्सुलिन लावणार आहेत.

आता खरं सांगते. भाजी झकास होती. गोळीचाही काही गुन्हा नाही. उलट्या सुरू झाल्या त्या सकाळी धाकटी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली, तेव्हा मी तिच्या खोक्यातलं एक पेन काढलं, तिच्यासारखीच खिडकीशी बसले आणि टोचून घेतलं. पेन कमी भरलं तर ती बिचारी आपलंच मोजायला चुकलं म्हणत राहिली, आणि मी ऐकत राहिले. चांगल्या गोळीवर आळ घेऊन मला भलतंच औषध लागायची वेळ आली तरी तिच्या तोंडावर सांगायला माझी जीभ उचलेना. म्हणून तुझं निमित्त केलं. पत्रात बोलले की तिला लिहावंच लागणार. लिही धाकटे, थांबू नकोस, हेही लिही. आणि बुधवारी माझ्याबरोबर चल. डॉक्टरीणबाईंना तू सांग, मी मान खाली घालून बसते.

ढमे, तिने नाक पुसलं आणि मला गाढव म्हणाली. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. ते मात्र लिहायला तयार नव्हती, मी लिहायला लावलं.

येणाऱ्या कुणाबरोबर खारे शेंगदाणे पाठव. एकच पुडी पाठव, आम्ही वाटून खाऊ. दोन पाठवल्यास तर तिचीच मोठी आहे, असं मला वाटत राहील.

तुझीच,
अजून न सुधारलेली आजी