कुत्र्यांचं वर्षाचं भरलं

१२ एप्रिल, रविवार
ठण्ण. पहाटे कानात तोच आवाज. शाळेच्या चिंचेला रुळाचा तुकडा टांगलेला, शिपाई त्यावर कांब हाणायचा. निजामावरची पोलीस ॲक्शन होऊन थोडीच वर्षं झालेली, उर्दूतली शाळा नुकती मराठीत आलेली. आम्ही पोरं कविता म्हणायचो की भांडायचो, कळू नये. मधल्या सुट्टीचा टोल पडला की गावातली कुत्री भिंतीपाशी हजर. भाकरी कोण टाकतो हे त्यांना पाठ होतं.

कमल गेली, आता ह्या घरात टोल नाही. तिन्हीसांजेला फाटकापाशी डब्याचं झाकण वाजवायची. चारही कुत्री तुटून पडायची. मी आत पुस्तकात.

पुण्याहून निखिलचा फोन. सव्वीसला येतोय. फुलंब्रीच्या पुढं कुणी कुत्री सांभाळतं, त्यांची गाडी घेऊन. मग मीही पुण्याला.
"बाबा, ती तुमच्या हातून खात नाहीत. वाळून चाललीत. माझ्यासमोर खाल्लं तर राहू द्या, माझं काही म्हणणं नाही."
आवाज नि.चा, अक्कल गौरीची. सूनबाईंना सोफ्यावर केस चालत नाहीत.

आर्या, ओवी, भुजंग, मंदाक्रांता. नावं माझी, वृत्तांची. कुत्री तिची. सगळी रस्त्यावरून उचललेली.

१५ एप्रिल, बुधवार
क्रांती चौकात कुत्र्यांच्या खाण्याचं मोठं दुकान. पुडे नको म्हणालो, पोतं द्या. खाऊची बिस्किटं, हाडाच्या आकाराची. चष्मा लावून हिरवा ठिपका पाहून घेतला. आपल्या उंबऱ्याआत दुसरं काही यायचं नाही, कुत्र्यांसाठीसुद्धा नाही. लग्नापासूनचा नेम.
दुकानदार कमलला ओळखणारा. म्हणाला, "इतना एकदम, सर?"
म्हणालो, वर्षाचं भरतोय. ह्या दिवसांत गहू भरतात तसं.
"एकादशी भी पकडते क्या आपके कुत्ते?"
दुकानातली माणसं हसली. हसोत. ज्याच्या घरात वर्षाचं भरलेलं आहे त्याला कोण उठवतो, बघू.

१६ एप्रिल
गव्हाची कोठी रिकामीच होती. एकट्याला किती लागतं. पुसून बिस्किटं ओतली. कमल घालायची तसा प्रत्येक थरावर कडुलिंबाचा वाळला पाला. झाकण लावल्यावर फार बरं वाटलं. खूप दिवसांनी घरात भरल्यासारखं.
संध्याकाळी एकेक पुढं केलं. आर्या शिंकली. भुजंगनं तोंडात धरून तुळशीपाशी नेऊन ठेवलं. मंदाक्रांता नुसती बघत राहिली. म्हातारी झाली. चाल नावासारखीच.

१८ एप्रिल
आज एक स्वतः चावून पाहिलं.
कडू जहर.
लिंब. गव्हाला चालतो, गहू आपण धुतो, दळतो. आयुष्यभर पोरांना म्हणत आलो, अर्थ न कळता पाठ करू नका.
सगळं गच्चीवर जुन्या लुगड्यावर पसरलं. पाला वेचता वेचता कंबर गेली. तिचंच लुगडं. अंजिरी. कोणत्या दिवाळीचं ते आठवेना, आणि मग

२१ एप्रिल
ऊन दाखवलं, सुपानं पाखडलं, वास गेला. तरी नाही. कावळे खातात, ही नाहीत. दूधभातही चाटून सोडतात.
तिन्हीसांजेला चौघं फाटकाबाहेर जातात, विजेच्या मीटरच्या पेटीखाली बसतात. वर तोंड करून. तिथं काय आहे कोण जाणे.
नि.चा फोन. खाल्लं का. म्हणालो, हो.

२३ एप्रिल, गुरुवार
पोतं बदलून देता का, विचारायला गेलो. उघडलेलं घेत नाहीत. दुकानदार आज हसला नाही. हळूच म्हणाला, "सर, बुरा मत मानो. मॅडम तर हमेशा लाल ठिपकेवाला नेत होत्या. चिकनच्या पट्ट्या. तुमची कुत्री ती बिस्किटं नाय खात, मला तवाच सांगायला पायजे होतं."
किती वर्षं?
"दुकान खोला तबसे."

बाहेर येऊन सावलीत उभा राहिलो. घरात कुठंच कधी दिसलं नाही. वास नाही, पुडा नाही. नेम माझा होता तर. ती नुसती माझ्याशी सांभाळून राहत होती. आत मी मंदाक्रांता घोळवत बसायचो, बाहेर ती मंदाक्रांतेला कोंबडी घालायची. एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर मी काय केलं असतं, तेही तिला ठाऊक असणार.
पुन्हा आत गेलो. लाल ठिपक्याच्या पुड्यापर्यंत हात गेला. उचलवेना. रिकामा परतलो.

२५ एप्रिल, शनिवार
मंदाक्रांता आज उठलीच नाही. उद्या गाडी.

पाचच्या सुमारास घंटी. कुणी भुंकलं नाही, ह्याचं नवल वाटलं. दार उघडलं तर गौरी, पुण्याहून एक दिवस आधीच. एकटी. तिची वाट मी कशाला पाहीन. आत या म्हणालो. आली नाही. फाटकाकडं वळून मीटरची पेटी उघडली आणि आतून कमलचा डबा काढला. पत्र्याचा, पोचे आलेला. पर्समधून पुडा काढून त्यात रिता केला. लाल ठिपका लांबूनही दिसला.
"उंबऱ्याच्या आत नाही आणलेलं, बाबा. आईंनी कधी आणू दिलं नाही. मी इथं आले की आम्ही दोघी मिळूनच जायचो दुकानात."
झाकण वाजवलं. तिघं आली. मागून, पाय ओढत, मंदाक्रांता.
गौरीनं एकही पट्टी टाकली नाही. दारापर्यंत येऊन डबा माझ्यापुढं धरला.
"माझ्या हातून खातील हो. निखिल उद्या तुमचा हात बघणार आहे."

ती उंबऱ्याबाहेर, मी आत. चौघं माझ्या हाताकडं बघत होती. लिहायला म्हणून आत आलो, खोटं कशाला बोलू. पळून आलो.
बाहेर झाकण अजून वाजतंय.