सदतीस बन आणि थोरलीचा मान

१३ ऑक्टोबर, सोमवार

'राखेचा प्रांत' या खेळाचा दुसरा भाग चार डिसेंबरला येतो आहे. आज कंपनीने जाहीर केलं. मला त्यात काडीचा रस नाही. डॉक्टरांनी बोटांना व्यायाम सांगितला म्हणून पहिला भाग चार वर्षं खेळले, रोज संध्याकाळी आठ ते साडेनऊ. यंत्रमानवांना गोळ्या घालायच्या, ते पडले की त्यांच्यातून बंदुका सांडतात, त्या उचलायच्या आणि त्यांनी आणखी मोठ्या यंत्रमानवांना गोळ्या घालायच्या. बत्तीस वर्षं आठवीच्या वर्गावर काढल्यावर हे काम विश्रांतीसारखंच.

नोंदणी केली. केवळ माहितीसाठी.

१४ ऑक्टोबर

नियम वाचले. ज्या दोघांनी पहिला भाग मिळून खेळला, त्यांनी तीस नोव्हेंबरच्या आत जोडी म्हणून नाव नोंदवायचं. मग चार वर्षांची कमाई, बंदुका, चिलखतं, सगळं दुसऱ्या भागात सोबत येणार. नाही नोंदवलं तर दोघंही हात हलवत पहिल्या पायरीवर. एकाने आमंत्रण पाठवायचं, दुसऱ्याने स्वीकारायचं.

माझी जोडीदार म्हणजे धाकटी बहीण लुसिया. गुर्योंगपोला समुद्राकाठी मासे वाळवून विकते. फेब्रुवारीपासून आमचं बोलणं नाही.

आमंत्रण तीच पाठवेल. धाकटीने पाठवायचं असतं. चुसोकच्या सुगीच्या सणालाही दैगूला माझ्याकडे आली नाही, म्हणजे चांगलीच ओशाळलेली आहे.

१७ ऑक्टोबर

काय झालं होतं ते एकदा लिहून ठेवते, म्हणजे पुढेमागे मलाच माझ्या बाजूची आठवण राहील. एक प्रचंड यंत्रमानव आम्ही चाळीस मिनिटं झुंजून पाडला. शेवटची गोळी माझी. त्यातून सोनेरी बंदूक पडली. अशी चार वर्षांत एकदाच पडली. मी पाणी प्यायला वळले तेवढ्यात लुसियाने उचलली. मी शांतपणे तिला चूक दाखवून दिली. (शेजारच्यांनी भिंत ठोकली, पण ते उगाच ठोकतात.) त्यावर ती हेडफोनमधून म्हणाली, "ताई, तुला जन्मभर सगळं आधी मिळालं. कॉन्व्हेंट तुला, मासळीबाजार मला. ही एक बंदूक तरी घेऊ दे की."

कॉन्व्हेंटचा बंदुकीशी काय संबंध? सिस्टर मार्गारेटची छडी खायला मी स्वतःहून गेले नव्हते. घरात फी एकीचीच होती. मी मोठी होते. वयाला मी काय करणार?

मी म्हणाले, मला यापुढे फोन करू नकोस. आणि शपथ घेतली की तिने माफी मागितल्याशिवाय त्या खेळात पाऊल ठेवणार नाही. आजपर्यंत ठेवलेलं नाही. निश्चय म्हणजे काय ते या पिढीला कळणार नाही. लुसिया एकसष्ट वर्षांची आहे.

२१ ऑक्टोबर

कोपऱ्यावरच्या दुकानात नव्या भागाच्या जाहिरातीचे बन आलेत. लाल घेवड्याचं गोड सारण. प्रत्येक पाकिटात एक स्टिकर, मागे कोड. कोड भरला की नव्या भागात बक्षीस. एक घेतला. चव बघायला.

२२ ऑक्टोबर

तीन घेतले. दुकानदार प्यो माझा जुना विद्यार्थी. आता पन्नाशीला टेकला, टक्कल पडलं, पण तोंड आठवीतलंच. म्हणाला, बाई, तुम्ही मला तासाला गोळी चघळली म्हणून व्हरांड्यात उभं केलं होतं. मी म्हणाले, आत्ताही उभाच आहेस, काही बिघडलं का?

२९ ऑक्टोबर

बन अकरा. डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं. आहारात बदल झालाय का, विचारलं. मी सांगितलं, नाही. बन हा आहार नव्हे, तो पाकिटातला अडथळा आहे.

उद्यापासून बन बंद.

३० ऑक्टोबर

आणखी दोन बन. आधी बाजूला ठेवायला सांगितले होते, शब्द मोडणं बरं दिसत नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार

आमंत्रण नाही. मोबाईल दिवसभर समोर ठेवला. कंपनीच्या पत्रकात लिहिलंय की आमंत्रणं जुन्या खेळातल्या टपालपेटीत येतील. पण महत्त्वाचं असेल तर माणूस एसएमएस करतोच.

मिळालेले कोड दोन गड्ड्यांत लावले. एक माझी. दुसरी जादाची. दुसरीवर लुसियाचं नाव टाकलंय ते फक्त गोंधळ होऊ नये म्हणून.

कोड अजून भरलेले नाहीत. टेबलाच्या काचेखाली ठेवलेत. चार डिसेंबरला, पहिल्या दिवशी, सगळे एकदम भरणार. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, चांगली वस्तू चांगल्या दिवसासाठी राखून ठेवावी. आईने दिलेला चहाचा संच माझ्याकडे एक्केचाळीस वर्षं आहे, एक कप फुटलेला नाही. एकदाही वापरलेला नाही, म्हणून. लुसियाला दिलेला संच दोन वर्षांत संपला. त्यात ती माशांचा मसाला ठेवायची.

पाकिटावर बारीक अक्षरांत काहीबाही छापलंय. या कंपन्या बोलतात ओरडून आणि लिहितात कुजबुजून. चष्मा आत होता.

१० नोव्हेंबर, सोमवार

आमंत्रण नाही. बन चोवीस. सारणाचा वास आला तरी मळमळतं. प्यो म्हणाला, बाई, स्टिकर काढून घ्या, बन मी खातो. मी सांगितलं, न खाता बक्षीस घेणं म्हणजे कॉपी. तो म्हणाला, मग बहिणीला द्या ना. त्याला बहिणीचं कोणी सांगितलं? मीच सांगितलं असेन. पण विषय काढायचं त्याला काय कारण?

१३ नोव्हेंबर

आज मुलांची मोठी परीक्षा. मुलांना रस्ते मोकळे मिळावेत म्हणून ऑफिसं तासभर उशिरा. रस्त्यावर शाळेसारखी शांतता. फार वर्षांनी बरं वाटलं. मग थोडं वाईट वाटलं. कशाचं ते कळलं नाही. बहुधा बनमुळे.

२२ नोव्हेंबर

लुसियाचं पार्सल. दरवर्षीप्रमाणे वाळवलेल्या माशांची जुडी, समुद्री शेवाळ, लसूण. कागदाच्या सगळ्या घड्या उलगडून पाहिल्या. चिठ्ठी नाही. वर्तमानपत्राचा एक तुकडाही वाचला, त्यात हवामान होतं.

मासे म्हणजे आमंत्रण नव्हे. ती सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवते. पोच दिली नाही. पोच न देणं हीसुद्धा एक पोच असते, आणि ती समजण्याइतकी अक्कल तिला आहे.

मासे उत्तम होते. पाच खाल्ले. बननंतर काहीही उत्तम लागतं.

२७ नोव्हेंबर

तीन दिवस उरले. तिचा हट्ट पाहून कीव येते. एक साधं बटण दाबायचं, तेही होत नाही. बन तेहतीस.

३० नोव्हेंबर, रविवार

ॲडव्हेंटचा, म्हणजे नाताळची वाट पाहण्याच्या दिवसांचा, पहिला रविवार. चर्चमध्ये पहिली मेणबत्ती. फादर म्हणाले, वाट पाहणं हीच प्रार्थना आहे. मग माझ्याइतकी प्रार्थना या चर्चमध्ये कोणी केलेली नाही.

मुदत संपली तेव्हा फोन हातात होता. कोणाचाही आला नाही. चार वर्षांची कमाई गेली. लुसियामुळे. हे मी कोणत्याही न्यायालयात सांगेन.

बन सदतीस. यापुढे नाही, कारण दुकानातले संपले.

४ डिसेंबर, गुरुवार. सकाळी ११

खेळ आला. चष्मा पुसला, काच उचलली, पहिला कोड भरला. 'मुदत ३० नोव्हेंबर रोजी संपली.' दुसरा भरला. तेच. सदतीसच्या सदतीस भरून पाहिले, कारण मी कोणावर एका उत्तरावरून शिक्का मारत नाही.

संध्याकाळी ५

प्योला जाऊन झापलं. त्याने शांतपणे एक जुनं पाकीट काढून बारीक अक्षरं दाखवली. मग विचारलं, बाई, बहिणीचं आमंत्रण तरी आलं का? मी म्हणाले, नाही. तो म्हणाला, टपालपेटी उघडली होतीत? मी म्हणाले, ते माझ्या शपथेत बसत नाही. तो काही बोलला नाही. आठवीत तो गप्प बसला असता तर मी त्याला पास केलं असतं.

त्याला खोटं पाडण्यापुरतं जुन्या खेळात पाऊल ठेवते. माफीचा प्रश्न वेगळा.

संध्याकाळी ७

टपालपेटीत आठ पत्रं.

सात आमंत्रणं. तेरा ऑक्टोबरपासून दर सोमवारी एक. प्रत्येकाची मुदत सात दिवस. सातही बाद. एका पत्रात जादा ओळ: 'ताई, मासे पाठवलेत. दात दुखत असेल तर आधी शेकून घे.'

आठवं पत्र सगळ्यात खाली. तीन मार्चचं. 'घे बाई तुझी बंदूक. मला ती चालवताही येत नाही, फार जड आहे.' सोबत सोनेरी बंदूक होती. तीस दिवसांत उचलली नाही तर नष्ट होते. दोन एप्रिलला झाली.

मी तिला म्हणाले होते, फोन करू नकोस. तिने केला नाही. जन्मात पहिल्यांदा माझं ऐकलं, तेही इथे.

संध्याकाळी ८

मीच फोन लावला. तिला समजावून सांगायला, की मुदतीची रचनाच सदोष आहे.

पाच-सहा वेळा वाजला. मग वाऱ्याचा आवाज आणि तिचा. "कोण? ताई? थांब हं, ही एक काठी टांगते." मासे टांगून झाल्यावर आली. मी विचारलं, नवीन खेळ उघडलास का. म्हणाली, नाही, घेतलाच नाही. कोणाबरोबर खेळणार? मी म्हणाले, मग सात सात आमंत्रणं कशाला? त्यावर ती हसली. बाजारातलं हसू, मोठं.

"मला कुठे बंदुकांची हौस गं, ताई. तू दीड तास रोज माझ्याशी बोलायचीस. डावीकडे जा म्हणायचीस, मागे बघ म्हणायचीस. लहानपणी म्हणायचीस तसं."

मी म्हणाले, बोलायचंच होतं तर फोन होता की दोघींकडे. हे मी तिला सुनावलं, पण सुनावताना मध्येच थांबावं लागलं. दातामुळे.

मग तिने विचारलं, सोनेरी बंदूक वापरतेस का. मी म्हणाले, रोज. छान आहे. फार जड मात्र नाही, तुलाच धरता येत नव्हती.

खोटं बोलले. शनिवारी कन्फेशनला, फादरांपुढे पापांची कबुली द्यायला, जाईन. निदान यादीत काहीतरी नवीन असेल.

तिने सांगितलं की हंगाम आहे, सोमवारपर्यंत हात रिकामा नाही, सोमवारी आठला फोन कर. म्हणजे पुन्हा मीच करायचा. मी म्हणाले, बघू.

६ डिसेंबर, शनिवार

कन्फेशन झालं. सदतीस बनचाही उल्लेख केला. फादरांनी शिक्षा सांगायच्या आधी थोडं खोकून घेतलं.

चहाचा संच खाली काढला. एक कप धुताना फुटला. उरलेले पाच पुरेसे आहेत, आम्ही दोघीच.

येताना प्योच्या दुकानात. नव्या बनची पाटी. शेतीचा खेळ आहे, दोघांनी मिळून कोबी लावायचा, गोळीबार नाही. सारण रताळ्याचं. डॉक्टरांचा चेहरा आठवला आणि एकच घेतला.

दोन घेतले.

प्योने तोंडातून शब्द काढला नाही. मोठा होतोय.

दारातच चष्मा लावून पाकिटाची बारीक अक्षरं शेवटपर्यंत वाचली. आठ तारखेपर्यंत मुदत. आठ तारीख सोमवारच आहे. माझा कोड घरी येताक्षणी भरला. दुसरा लुसियाला फोनवर सांगेन, आठ वाजता. पावणेआठला लावते, तिला चष्मा शोधायला वेळ लागतो.